जॉर्ज मेसनची राजकीय कारकीर्द निबंधात कशी मांडावी

सदाशिव पेठेतील कोणत्याही अभ्यासिकेत विचारले, तर मूलभूत हक्कांची कल्पना आपण अमेरिकेच्या घटनेवरून घेतली, हे उत्तर झोपेतही मिळेल. मात्र १७८७ च्या मूळ मसुद्याला हक्कांची सनद जोडलेलीच नव्हती, आणि प्रामुख्याने त्याच कारणासाठी सही नाकारणाऱ्या व्हर्जिनियाच्या मळेवाल्याचे, जॉर्ज मेसनचे (१७२५–१७९२), नाव फारसे कोणी घेत नाही. राज्यशास्त्राच्या किंवा विधी शाखेच्या विद्यार्थ्याने निबंधासाठी हा विषय निवडला असेल, तर पुढील पद्धतीने काम करावे.

सर्वप्रथम, पदांची यादी करण्याचा मोह टाळावा. मेसन १७५८ ते १७६१ या काळात वसाहतीच्या विधिमंडळात आणि स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात राज्याच्या विधिमंडळात होता. परंतु संधिवाताचे दुखणे आणि १७७३ मध्ये पत्नीच्या मृत्यूनंतर अंगावर पडलेली नऊ मुलांची जबाबदारी यांमुळे तो गन्स्टन हॉल हे आपले घर सोडायला नाखूश असे, आणि १७९० मध्ये सिनेटची जागा देऊ केली असताही त्याने ती नाकारली. त्यामुळे त्याची कारकीर्द कागदपत्रांच्या आधारे लावावी: ब्रिटिश धोरणांचा निषेध करणारे १७७४ चे फेअरफॅक्स ठराव, १७७६ चा व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा आणि १७८७ चे घटनेवरील आक्षेप.

यांपैकी १७७६ चा मसुदा शब्दशः वाचावा. सर्व माणसे जन्मतः सारखीच स्वतंत्र आहेत, असे मेसनने लिहिले होते. हे वाक्य गुलामांनाही लागू पडेल, अशी भीती व्हर्जिनियाच्या अधिवेशनात व्यक्त झाल्यावर त्यात ‘समाजात प्रवेश करताना’ अशा अर्थाची पुस्ती जोडण्यात आली, म्हणजे गुलाम त्या समाजाचे घटकच नाहीत, असे म्हणायला वाट मोकळी राहिली. ही एक दुरुस्ती नीट उलगडून दाखवली, तर चरित्राची चार पाने लिहावी लागत नाहीत.

१७८७ मध्ये घटना लिहिणाऱ्या फिलाडेल्फियाच्या परिषदेसाठी तिथला व्हर्जिनियाचाच दुसरा प्रतिनिधी जेम्स मॅडिसन याची टिपणे तारीखवार वाचावीत. ती येल विद्यापीठाच्या अॅव्हलॉन प्रकल्पाच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत, आणि पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसूनही वाचता येतील. ८ सप्टेंबरला महाभियोगाच्या कलमात ‘गंभीर गुन्हे व दुर्वर्तन’ ही शब्दयोजना मेसनने सुचवली. १२ सप्टेंबरला हक्कांची सनद काही तासांत तयार होईल, असे त्याने सांगितले, तरीही एकाही राज्याने त्या सूचनेला पाठिंबा दिला नाही. मग त्याने छापील मसुद्याच्याच मागील कोऱ्या बाजूवर आपले आक्षेप लिहून काढले, आणि १७ सप्टेंबरला रँडॉल्फ व गेरी या इतर दोन प्रतिनिधींसह सही करण्यास नकार दिला.

खरी कसोटी गुलामगिरीच्या प्रश्नावर लागते. २२ ऑगस्टच्या भाषणात गुलामांचा प्रत्येक मालक जन्मतःच छोटा जुलमी होतो, असे म्हणणारा मेसन स्वतः अनेक गुलामांचा मालक होता. हे सांगून ‘ढोंगी’ असा शिक्का मारला की निबंध तिथेच संपतो. म्हणून त्याच दिवशी कनेक्टिकटच्या एल्सवर्थने दिलेले उत्तरही वाचावे. व्हर्जिनियात गुलामांची संख्या इतकी झपाट्याने वाढते, की ते बाहेरून आणण्यापेक्षा घरी वाढवणे स्वस्त पडते, असे त्याने सुनावले. त्यापुढे घटना स्वीकारायची की नाही हे ठरवणाऱ्या व्हर्जिनियाच्या १७८८ च्या संमती परिषदेतील मेसनचे भाषण ठेवावे: तिथे तो गुलामांच्या व्यापाराला वीस वर्षांची मुभा दिल्याबद्दल घटनेला दोष देतो, आणि आमच्या हाती असलेल्या गुलामांच्या मालकीला घटनेत संरक्षण नाही, अशीही तक्रार करतो. ही दोन वाक्ये शेजारीशेजारी आली पाहिजेत. ज्या शहरातून १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामीविरोधकांना अर्पण केला, तिथल्या विद्यार्थ्याने तरी हा भाग तळटीपेत ढकलू नये.

शेवटच्या प्रकरणात श्रेयाचे माप सांभाळून वापरावे. व्हर्जिनियाने ८९ विरुद्ध ७९ मतांनी घटना स्वीकारली, म्हणजे मेसन हरला. या वादात वॉशिंग्टनशी असलेली जुनी मैत्रीही तुटली. १७८९ मध्ये हक्कांच्या सनदेच्या दुरुस्त्या मांडल्या त्या मॅडिसनने, आणि १५ डिसेंबर १७९१ रोजी त्या अमलात आल्या. म्हणून ‘सनदेचा जनक’ हे विशेषण न लावता, १७७६ च्या जाहीरनाम्यातील वृत्तपत्रस्वातंत्र्य, ज्यूरी व क्रूर शिक्षांवरील बंदी ही कलमे आणि त्या दुरुस्त्यांचा मजकूर दोन रकान्यांत समोरासमोर मांडावा.