टोमॅटो-मिरचीची रोपं आडवी पडत होती, मी काय बदललं

पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, जूनच्या पावसाचा मार नको म्हणून टोमॅटो आणि मिरचीचं बी घरातच ट्रेमध्ये टाकलं. टोमॅटो सहाव्या दिवशी उगवले पण आठवड्याभरात काडीसारखे लांब झाले आणि मग मातीलगत देठ काळपट, बारीक होऊन एकेक रोप आडवं पडायला लागलं, फार वाईट वाटलं हो. ही मर, म्हणजे कोवळी रोपं कोलमडण्याचा रोग, बुरशीमुळे येते, आणि रोज वरून पाणी, कुंडीतली जुनी माती, बंद खिडकी हे सगळं तिला पोषकच.

दुसऱ्या वेळी नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडं गांडूळखत घेतलं, ट्रे गरम पाण्याने धुतला, बी अर्धा सेंटीमीटरच खोल. पाणी खालच्या ताटात ओतायचं, अर्ध्या तासाने उरलेलं काढायचं, वरचा थर सुकेपर्यंत परत द्यायचं नाही. उगवल्या दिवसापासून वीतभर वर २० वॅटची पांढरी एलईडी ट्यूब, १४ तास, आणि लांबून हळू पंखा. मिरचीला १० दिवस लागले, तिची घाई करू नका. आत्ता २४ पैकी २१ रोपं जगलीत, देठ चांगले जाड आहेत! आता आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ बाल्कनीत ठेवतोय, मग कुंडीत.