कंपनीच्या स्टिरिओला बाहेरचा ॲम्प लावताय? डॅश उघडायच्या आधी हे सगळं जमवून ठेवा

गाडीत कंपनीतून आलेला स्टिरिओ तसाच ठेवून ॲम्प, म्हणजे स्पीकरला जास्त ताकद देणारा ॲम्प्लिफायर, लावायचा असेल तर निम्म्याहून जास्त काम आदल्या दिवशीच होतं, कारण एकदा पॅनल सुटे झाले, सीट बाहेर आली आणि मग कळलं की अमुक एक वस्तू आणलीच नाहीये, की माणूस हाताला लागेल त्यावर भागवतो आणि तिथेच घोळ होतो. म्हणून आधी सगळं एका चादरीवर मांडून घ्या आणि मगच गाडीला हात लावा.

पहिली गोष्ट, स्टिरिओतून सिग्नल कसा बाहेर येतो ते बघा. बऱ्याच कंपनी स्टिरिओंना मागे आरसीए आउट (ॲम्पसाठीचा कमी व्होल्टेजचा सिग्नल देणारे गोल सॉकेट) नसतात, नुसत्या स्पीकरच्या वायरी असतात, तेव्हा एकतर हाय लेव्हल इनपुट असलेला, म्हणजे स्पीकरच्या वायरी थेट घेणारा ॲम्प घ्या नाहीतर मध्ये लाइन आउटपुट कन्व्हर्टर टाका, म्हणजे स्पीकरच्या सिग्नलचा आरसीए सिग्नल करणारी डबी. मी तर हाय लेव्हलवाला ॲम्पच घ्या म्हणेन, मध्ये एक डबी कमी, जोड कमी. काही गाड्यांत कंपनीचाच ॲम्प सीटखाली नाहीतर डिकीत दडलेला असतो, आणि काहींमध्ये स्टिरिओपासून त्या ॲम्पपर्यंत सिग्नल डिजिटल जातो, अशा गाडीत डॅशमागची वायर कापून काही हाती लागत नाही, त्या मॉडेलसाठी बनवलेला इंटरफेसच लागतो. त्यामुळे आपलं मॉडेल आणि वर्ष यांचा वायरिंग डायग्राम मिळवून प्रिंट काढून ठेवा, मोबाईलवर नको, हात काळे असतात. पांढरी म्हणजे पुढचा डावा, करडी म्हणजे पुढचा उजवा असे जे रंग सगळीकडे सांगतात ते बाहेरून विकत घेतलेल्या स्टिरिओच्या हार्नेसचे (वायरींच्या जुडग्याचे) आहेत, कंपनीच्या वायरींना ते लागू पडतीलच असं नाही.

डायग्राम असला तरी एक 1.5 व्होल्टचा सेल जवळ ठेवा. स्टिरिओचा कनेक्टर काढून स्पीकरच्या दोन वायरींना सेल क्षणभर टेकवायचा, टप्प असा आवाज येतो, आणि कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली वायर ती स्पीकरची प्लस, आत गेला तर उलट. ट्विटरवर (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरवर) हे कळत नाही, मोठ्या स्पीकरवरच करा. आणि हे नीट लक्षात ठेवा की स्पीकरची मायनस वायर म्हणजे गाडीचा अर्थ (बॉडीला जोडलेली बॅटरीची मायनस) नव्हे! हल्लीच्या स्टिरिओत चालू असताना स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॅटरीच्या साधारण निम्मं व्होल्टेज असतं, म्हणजे 6 च्या आसपास, मल्टिमीटरची काळी पिन बॉडीला लावून बघा, दिसेल. ती मायनस बॉडीला जोडली तर स्टिरिओचा आउटपुट आयसी (स्पीकर चालवणारी चिप) जाऊ शकतो.

आता पॉवर. खोक्यावरचे मोठ्ठे वॅट सोडून द्या, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे खरे वॅट, बघा. समजा चार चॅनेलचे प्रत्येकी 75 वॅट, म्हणजे 300, क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा प्रकार) असेल तर बॅटरीतून साधारण 375 वॅट ओढेल, 13.8 ने भागलं की 27 अँपिअर, आणि क्लास एबी (जास्त वाया घालवणारा) असेल तर तेच 36 च्या आसपास जातं. अशा ॲम्पला 8 गेजची शुद्ध तांब्याची वायर पुरते. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर घेणार असाल तर एक साइज जाड घ्या, तिचा रोध जास्त असतो, आणि घेताना टोक खरवडून बघा, आत चंदेरी दिसलं की ॲल्युमिनियम समजायचं. फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत, हा फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायरीसाठी असतो. वायर बॉनेटमधून आत येताना पत्र्याच्या भोकाला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) हवाच, नाहीतर हादऱ्यांनी इन्सुलेशन कापलं जातं आणि आग लागू शकते, यात काटकसर नको.

अर्थिंगवर मी स्वतः दोन दिवस घालवलेत. ॲम्प लावला, आवाज झकास, पण ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिट्टी, इंजिन चढेल तशी चढणारी. मी आरसीए बदलल्या, वायरी हलवल्या, शेवटी अर्थचा बोल्ट काढला तर वॉशरखाली रंग जसाच्या तसा! पॉलिश पेपरने नाण्याएवढी जागा घासली, खालून चकचकीत पत्रा निघाला, बोल्ट परत आवळला आणि शिट्टी गायब. तेव्हापासून यादीत पॉलिश पेपर, गोल लग (वायरीच्या टोकाला लावायची, बोल्टमध्ये बसणारी कडी) आणि वरून लावायला गंजरोधक स्प्रे कायम असतात. अर्थची वायर पॉवरच्याच जाडीची, जमेल तितकी आखूड, 45 सेंटिमीटरच्या वर नको, आणि सीटबेल्टच्या बोल्टला कधीच नाही. भोक पाडणार असाल तर आधी गाडीखाली वाकून बघा, तिथे टाकी किंवा ब्रेकचा पाइप असू शकतो. पॉवरची वायर एका बाजूने आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूने न्या.

रिमोट वायर, म्हणजे ॲम्पला चालू-बंद व्हायचा इशारा देणारी बारीक वायर, बरेच जण विसरतात. ॲम्पमध्ये ऑटो टर्न ऑन (सिग्नल आला की आपोआप चालू होणं) असेल तर प्रश्न नाही, नसेल तर फ्यूज बॉक्समधला असा फ्यूज शोधा जो चावी फिरवल्यावरच जिवंत होतो, आणि त्याला फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेतून जादा वायर काढायचा जोड) लावा. कायम चालू फ्यूजवर घेतलंत तर दोन-चार दिवसांत बॅटरी बसेल.

बाकी किरकोळ: 10 चा पाना (बॅटरी टर्मिनलला बहुधा हाच लागतो), प्लास्टिकचे पॅनल काढायचे पट्टे, क्रिंपिंगची पक्कड, हीट श्रिंक, झिप टाय, स्क्रूसाठी वाटी. स्टिरिओला कोड लागत असेल तर बॅटरी काढायच्या आधी लिहून ठेवा. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे, त्यांना हात नाही, आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी वायरींच्या आसपासही नाही.

शेवटचं म्हणजे पेनड्राइव्हवर 1000 हर्ट्झचा टेस्ट टोन टाकून ठेवा. 75 वॅट आणि 4 ओहमला गुणून वर्गमूळ काढलं की 17.3 येतं, तर ॲम्पवरून स्पीकरच्या वायरी काढून, मीटर एसीवर ठेवून ॲम्पच्या स्पीकर आउटपुटला लावून, गेन (ॲम्पवरची सिग्नल किती वाढवायचा ती चकती) तेवढ्या व्होल्टपर्यंतच वर न्यायचा. तोपर्यंत गेन पूर्ण खाली, आणि बॅटरीजवळचा फ्यूज खिशातच, सगळे जोड एकदा ओढून बघितल्यावरच तो होल्डरमध्ये बसवा.