नंबर आणि रस्ते पुन्हा तोंडपाठ करायचे असतील तर

नावावर बोट ठेवलं की फोन लागतो, त्यामुळे घरच्यांचा नंबर आठवायची वेळच येत नाही. २०११ मध्ये मानसशास्त्रज्ञ बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांनी प्रयोगातून दाखवलं, की माहिती नंतर संगणकावर सापडेल असं वाटलं तर माणसं ती कमी लक्षात ठेवतात. ती कुठे ठेवलीय, हे मात्र बऱ्यापैकी आठवतं. मेंदूने काम सोपवून टाकलंय, इतकंच. सगळंच परत घ्यायला नको. औषधांच्या वेळेचा अलार्म चालू राहू द्या.

नंबर ३ पुरेत: घरातले दोन, शेजारचा एक. १० आकड्यांच्या ५ जोड्या पाडा आणि 'अठ्ठ्याण्णव बावीस...' अशा चालीत म्हणा. एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत म्हटलं की चाल मोडते आणि घोळ होतो. एक पक्का होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. नंबर दहादा वाचत बसणं सगळ्यात फसवं. समोर दिसतोय म्हणून येतोय असं वाटतं. एकदा वाचा, कागद पालथा घाला, म्हणून बघा. मग १० मिनिटांनी, रात्री झोपताना, दुसऱ्या दिवशी, ३ दिवसांनी, आठवड्याने. अडलात तर अर्धा मिनिट ताणून बघा, मगच कागद उलटा. त्या ताणण्यानेच नंबर पक्का होतो. फोन लावतानाही आकडेच दाबा.

रस्त्यांचं काम जास्त चिवट. 'डावीकडे वळा' असा आवाज येतो, आपण वळतो. कुठे वळलो ते बघितलेलंच नसतं. लंडनचे टॅक्सीवाले शहराचे रस्ते पाठ करतात. मेंदूशास्त्रज्ञ एलिनॉर मॅग्वायर यांच्या २०००च्या अभ्यासात या टॅक्सीवाल्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा (जागा आणि रस्ते लक्षात ठेवायला मदत करणाऱ्या अवयवाचा) मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला.

समजा, नाशिकमध्ये अशोक स्तंभाहून निमाणीला जायचंय. निघण्याआधी २ मिनिटं नकाशा बघा, उत्तर दिशा वर ठेवून. आपल्याबरोबर गरगर फिरणारा नकाशा डोक्यात बसत नाही. मग खुणा मोठ्याने म्हणा: रविवार कारंजा, होळकर पूल, मालेगाव स्टँड, पंचवटी कारंजा, निमाणी. फोन खिशात. दुकानाची पाटी खूण म्हणून धरू नका, ती कधीही बदलते; पूल, चौक, मंदिर धरा. प्रत्येक खुणेपाशी पुढची खूण मनात आणा. चुकलात तर रिक्षावाल्याला विचारा, नकाशा अगदी शेवटी.

परतीला बहुतेकांची गडबड उडते, कारण डावं ते उजवं होतं आणि तीच जागा उलट बाजूने अनोळखी दिसते. म्हणून जातानाच पूल ओलांडल्यावर गाडी कडेला लावा आणि मागे वळून एकदा नीट बघून घ्या. घरी आल्यावर कोऱ्या कागदावर सगळा रस्ता काढा. पेन जिथे अडेल, तेवढाच तुकडा पुढच्या खेपेला लक्ष देऊन बघायचा.