सोलापूरजवळ द्राक्षबागा आणि माळरानातून गोल फिरून यायचा ट्रेक कसा आखायचा

सोलापूरात ट्रेक म्हटलं की लोक हसतात, डोंगर कुठाय म्हणतात. बरोबर आहे, पण बार्शी रोडला नान्नज, मार्डी, वडाळा या पट्ट्यात एका बाजूला द्राक्षबागा आणि दुसऱ्या बाजूला माळढोक अभयारण्याचं रान असं आहे, आणि तिथं १०-१२ किमीचा गोल चक्कर मस्त होतो. चढ जवळपास नाहीच. दमवतं ते ऊन, त्यामुळे सगळं प्लॅनिंग घड्याळ बघून करायचं.

आधी महिना ठरवा. जानेवारी शेवट ते फेब्रुवारी बेस्ट. ऑक्टोबर छाटणीपासून साधारण चार महिन्यांनी माल तयार होतो, म्हणजे या दिवसांत मण्यात पाणी उतरलेलं असतं (मणी मऊ आणि गोड व्हायला लागलेले), काही बागांत तोडणी चालू असते, शिवाय ज्वारीचा हुरडाही मिळतो. मार्चनंतर मी तरी कुणाला सांगणार नाही, बेदाण्याची शेड बघायला छान वाटतात पण दहा वाजताच डोकं तापतं. आणि पावसाळ्यात काळ्या रानात जाऊच नका, बुटाला किलोभर चिखल लागतो.

आता रूट. मोबाईलवर सॅटेलाईट मॅप उघडा. द्राक्षबाग लगेच ओळखू येते, सरळ हिरव्या रेघा आणि शेजारी चौकोनी शेततळं. करडा-पिवळा मोकळा भाग म्हणजे माळ. आता या दोघांना जोडणारी गाडीवाट, पाणंद किंवा शिवेचा रस्ता शोधायचा, बांधावरून शॉर्टकट काढायचा नाही कारण पुढं तारेचं कुंपण लागतं आणि परत फिरावं लागतं. मॅप ऑफलाईन डाउनलोड करून ठेवा, आणि तरीही गावात चहा पिताना एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की मामा ही वाट पुढं निघते का, कारण मॅपवरची वाट कधी कुणी नांगरून टाकलेली असते ते मॅपला कळत नाही.

अभयारण्य १९७९ चं आहे, वनखात्याचं, आत आपल्या मर्जीनं घुसायचं नाही. नान्नजला वनखात्याच्या माणसांना आधी विचारा, परवानगी मिळाली तर ते सांगतील तेवढंच फिरा, नाही मिळाली तर हद्दीबाहेरच्या वाटेनं चक्कर काढा, काळवीट बाहेरच्या शेतातही भरपूर दिसतात. माळढोक दिसेल या आशेवर जाऊ नका, तो आता जवळपास दिसतच नाही. लांडगा, खोकड नशिबात असेल तर. आणि जंगल म्हणजे घनदाट झाडी डोक्यात असेल तर काढून टाका, इथं गवत, बाभळी, कडुनिंब आणि लावलेला गिरिपुष्प, बस.

चक्कर कुठल्या बाजूनं मारायचा याला लोक महत्त्व देत नाहीत, पण माझ्या मते सगळा खेळ तिथंच आहे. माळ आधी, बागा नंतर. माळावर सावली नाही आणि जनावरं उजाडताना दिसतात, म्हणून साडेसहाला निघून तो भाग नऊच्या आत उरकायचा. नंतर बागांच्या बाजूला सावली असते, माणसं असतात, पाणी मागता येतं. पहिला टप्पा पश्चिमेकडे ठेवता आला तर ऊन पाठीवर राहतं. ताशी ४ किमी धरा, १२ किमीला तीन तास, वर बसणं-फोटो-गप्पांचा दीड तास, म्हणजे अकराच्या सुमारास परत.

बागेत मालकाला विचारल्याशिवाय पाय टाकू नका. घडाला हात तर लावूच नका, मण्यावरचा पांढरट थर पुसला की मालाचा भाव पडतो, आणि फवारणी कधी झालीय ते आपल्याला माहीत नसतं, त्यामुळे तोडून तोंडात टाकणं अजूनच वाईट. ब्लोअर (ट्रॅक्टरवरचं फवारणीचं यंत्र) चालू दिसला तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबा. शेततळ्याच्या काठावर सेल्फी अजिबात नको, प्लास्टिकच्या कागदावरून घसरलं की पोहता येणाराही वर येत नाही. बाकी नीट बोललं तर लोक स्वतःहून माहिती देतात. सोनाका जातीची द्राक्षं याच नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी पुढं आणली, तो विषय काढून बघा, अर्धा तास गेलाच समजा.

सामानात माणशी ३ लिटर पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, घोट्यापर्यंतचे बूट (घोणस-फुरशाचा भाग आहे) आणि वस्तीवरच्या कुत्र्यांसाठी एक काठी. कुत्रं आलं तर पळू नका, मालकाला हाक मारा. खायला कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा, खराब होत नाही आणि सोलापूरकराला दुसरं काही लागतही नाही.

जायला सोलापूर-बार्शी एसटी आहे, पण पहाटेचं टायमिंग स्टँडवर आदल्या दिवशी विचारून घ्या, नाहीतर टू-व्हीलर बरी. द्राक्षं घ्यायची असतील तर शेवटी बागेतूनच घ्या, आधी घेतली तर ओझं तुम्हीच वाहणार.