स्वच्छ ध्वनिमुद्रणासाठी साउंड कार्ड निवडताना

मदरबोर्डवरच्या साउंड कार्डात प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि वीजपुरवठा यांचा विद्युत गोंगाट सहज मिसळतो. म्हणून आवाज स्वच्छ मुद्रित करायचा असेल, तर यूएसबीने जोडला जाणारा बाह्य ऑडिओ इंटरफेस, म्हणजे संगणकाबाहेरचे साउंड कार्ड, घेणे मला अधिक योग्य वाटते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक्स बाजारात खरेदीला जाताना आपला मायक्रोफोन आणि हेडफोन सोबत न्यावेत, दुकानदाराच्या परवानगीने गेन (मायक्रोफोनचा संकेत किती वाढवायचा ते प्रमाण) वाढवून काहीही न बोलता मुद्रण करावे आणि मागे उरणारी सरसर लक्षपूर्वक ऐकावी, कारण खोक्यावर छापलेल्या १९२ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटपेक्षा (दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) ही शांतता कितीतरी महत्त्वाची असते. प्रत्येक नमुन्याला २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झचा सॅम्पल रेट पुरेसे आहेत. स्टुडिओतल्या कंडेन्सर मायक्रोफोनसाठी मात्र एक्सएलआर (तीन पिनांची) जोडणी आणि ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (त्याच केबलमधून मायक्रोफोनला मिळणारी वीज) आहे का, हे पाहूनच इंटरफेस घ्यावा. घरी ५० हर्ट्झची गुणगुण ऐकू आली, तर आधी अर्थिंग तपासावे.