किलो विसरा, वाटा बघा

मी कोल्हापूरची. लग्न होऊन गोव्यात डिचोलीला आले आणि दुसऱ्याच आठवड्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकटी गेले. मासेवालीला विचारलं, "सुंगटं कशी किलो?" (सुंगटं म्हणजे कोळंबी.) तिने आधी शेजारणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाये, किलो ना. वांटो."

वाटा म्हणजे तिने समोर लावलेला ढीग. भाव ढिगाचा, वजन कोणी करत नाही. आणि ढीग लावण्यात या बायकांचा हात धरणारं कुणी नाही. ठसठशीत सुंगटं वर, बोटाच्या पेराएवढी खाली. पहिल्या दिवशी मी वरचंच बघून पैसे दिले आणि घरी निम्मी पिशवी नुसती सोलण्यात गेली. तेव्हापासून आधी "मातशें परतून दाखय", म्हणजे जरा उलटून दाखव, म्हणते, मगच भाव विचारते. घासाघीस करायची तर एका वाट्यावर करू नका, त्यात दोघींचाही वेळ जातो. दोन वाटे एकदम घ्या आणि तिसऱ्यातली मूठभर वर मागा. बहुतेकदा मिळते.

बांगड्यांचं उलटं. तिथे पैसे ठरलेले, मासे बदलतात. "शंभराक कितले?" असं विचारायचं. जून-जुलैत ट्रॉलरना बंदी असते, तेव्हा हा आकडा इतका खाली येतो की मी सरळ सुक्या बांगड्यांकडे वळते. इसवणासारखा (म्हणजे सुरमईसारखा) मोठा मासा घेतलात तर मात्र तराजू बाहेर निघतो.

बाकी सोपं आहे. मानकुराद आंबे आणि मोयरेची केळी डझनावर, नारळ नगावर, तांबडी भाजी जुडीने.

घरातली मापं जास्त फसवतात. सासूबाई हुमणाला, म्हणजे माशाच्या आमटीला, "एक कवड खोबरं आणि बोराएवढी चिंच" सांगतात. कवड म्हणजे अर्धा नारळ, पण त्यांच्या डोळ्यासमोर परसातला मोठा नारळ असतो, तुमच्या हातात बाजारातला. त्यांच्याकडे तांदूळ मोजायचा जुना पितळी शेर आहे. चतुर्थीला मी तो तळहाताने सपाट करून चार वेळा भरला आणि भात कमी पडला. "शीग कुठं गेली गं?" त्या म्हणाल्या. शेर शिगेसकट, म्हणजे काठावर ढीग येईपर्यंत भरायचा असतो, हे कोणी सांगत नाही. तेव्हा कुणाच्याही घरचं माप हातात घेतलंत की आधी विचारा, शीग लावायची की सपाट?

जमिनीचं माझ्या भावाकडून शिका. प्लॉट बघायला आला, एजंट म्हणाला "तीनशे", आणि भाऊ हिरमुसला. त्याला वाटलं, तीनशे चौरस फूट! गोव्यात जमीन चौरस मीटरमध्ये बोलतात. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१ चौरस मीटरच्या किंचित वर. मागची दोन शून्यं झाकलीत की साधारण गुंठे हाती येतात. तीनशे म्हणजे जवळजवळ तीन गुंठे. सौदा करताना अर्थात नीट गुणाकार करा.

तो प्लॉट कुठे आहे विचारलं तर एजंट म्हणाला, "हांगाच, मातशें फुडें." म्हणजे इथेच, जरा पुढे. आम्ही पंचवीस मिनिटं गाडी चालवली. या "मातशें"चं कोष्टक नाही. किती मिनिटं ते विचारा, आणि चालत की गाडीने तेही.