लुक्का: उन्हाळ्यात मुलाबाळांसह तटाच्या आतलं गाव

इटलीच्या तोस्काना प्रांतातलं लुक्का सपाट आहे. मुलं बरोबर असली की हा गुण कुठल्याही चर्चपेक्षा मोलाचा. भोवतीचा सोळाव्या-सतराव्या शतकातला तट अजून अखंड आहे: घेर ४.२ किलोमीटर, आणि माथा इतका रुंद की वर झाडांच्या सावलीत सायकली चालतात. जुलै-ऑगस्टच्या दुपारी गल्ल्या तापतात, म्हणून दिवस दोन तुकड्यांत घ्या. सकाळी आठ ते साडेबारा, मग थेट पाचनंतर. जूनअखेरीस नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे बुडत काहीच नाही.

पिसाहून रेल्वेने अर्धा तास, फ्लॉरेन्सहून साधारण दीड तास. गाड्या रिजनल, आरक्षण नको. कागदी तिकिटावर मात्र चढण्यापूर्वी स्टेशनातल्या यंत्रात तारीख-वेळ छापून घ्यावी लागते. विसरलात तर खिशात तिकीट असूनही दंड. चार वर्षांखालची मुलं फुकट, पुढे बारा पूर्ण होईपर्यंत अर्धं तिकीट.

भाड्याची मोटार घेतली असेल तर तटाबाहेरच लावा. आतल्या बऱ्याच भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे. ‘झोना आ त्राफिको लिमितातो’ (मर्यादित वाहतुकीचा भाग) ही पाटी ओलांडली की कॅमेरा नंबर टिपतो, दंड काही महिन्यांनी घरी येतो आणि मोटार देणारी कंपनी वर आपलं शुल्क लावते. आत मुक्काम असेल तर गाडीचा नंबर हॉटेलला आधीच कळवा.

पहिली सकाळ तटाला द्या. दरवाज्यांजवळ सायकली आणि चौघांची पायडलगाडी भाड्याने मिळते. सायकलीने एक फेरी अर्ध्या तासात होते, पायी मुलांसह दीड तास धरा. बुरुजांच्या कडेला मुलांना पळू देऊ नका, खाली खोल उतार आहे.

ग्विनीजी मनोरा सकाळीच उरका. २०० हून अधिक पायऱ्या, लिफ्ट नाही, शेवटचा जिना अरुंद. कडेवरचं मूल घेऊन चढणं अवघड. माथ्यावर खरोखरची ओकची झाडं आहेत, मुलांना तेवढं आमिष पुरतं. तिथून जवळच अंफितेआत्रो चौक. तो लंबगोल आहे कारण घरं रोमन रंगमंडलाच्या पायावर उभी राहिली. मुलांना मधोमध उभं करून भिंतींचा बाक दाखवा. जेवायला मात्र शेजारच्या गल्लीत जा, चौकात जागेचेही पैसे मोजता.

जेवण साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातनंतर. मधे स्वयंपाकघरं बंद. मुलांना पाचला भूक लागते, तेव्हा बेकरीतला बुच्चेल्लातो (मनुका-बडीशेपेचा गोडसर पाव) किंवा हरभऱ्याच्या पिठाची चेचिना कामी येते. बिलातला ‘कोपेर्तो’ माणशी आकार असतो, फसवणूक नव्हे. बाटल्या सार्वजनिक नळांवर भरा. ‘नॉन पोताबिले’ लिहिलेलं पाणी पिऊ नका.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, प्रत्येकासाठी एक ओढणी पिशवीत ठेवा. जुलैत संगीत महोत्सवामुळे खोल्या महागतात. पंधरा ऑगस्टला फेर्रागोस्तोची सुट्टी असते, किराणा आदल्या दिवशीच भरा.